माघात पेरलं, आषाढात उगवलं

१९१७ सालचा फेब्रुवारी. माघ वद्य पक्ष सरत आलेला, महाशिवरात्र तोंडावर. अमावास्येकडे झुकलेल्या त्या काळोख्या रात्रींत मुंबई बंदराच्या बाहेर एक मालवाहू बोट सगळे दिवे मालवून संथपणे पुढे सरकत होती. तिच्या मागच्या टोकाला, पाण्यापासून थोड्याच उंचीवर, झडपा उघडल्या होत्या. आत लोखंडी रुळांवर चाकं लावलेले गोल, काळे, शिंगं असलेले गोळे ओळीने उभे होते. ठरावीक अंतराने हुकूम यायचा, खलाशी एक गोळा रुळावरून ढकलायचे आणि तो पाण्यात पडायचा. मग पुढचा. पहाटेच्या आत बोट क्षितिजापलीकडे निघून गेली. मुंबईच्या धक्क्यांवर दुसऱ्या दिवशी रोजच्यासारखी हमाली सुरू झाली.

या बोटीचं नाव ‘वोल्फ’. कैसरच्या जर्मनीची ही सुरुंग पेरणारी बोट कील बंदरातून निघून, आफ्रिकेला वळसा घालून आपल्या दारापर्यंत आली होती. पहिल्या महायुद्धातल्या ‘एम्डेन’चं नाव आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असतं. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री तिने मद्रासवर तोफा डागल्या, तेलाच्या टाक्या पेटवल्या, आणि शहर सोडून माणसं पळाली. एम्डेन दिसली, तिच्या तोफा ऐकू आल्या, म्हणून ती लोकांच्या तोंडी राहिली. वोल्फ मुंबईच्या कितीतरी जवळ येऊन गेली, तिच्यामुळे आपल्याच किनाऱ्याबाहेर बोटी बुडाल्या, माणसं मेली. तरी तिचं नाव आपल्या स्मरणात नाही. सुरुंग पेरणाऱ्या बोटीचं यश यातच असतं की स्फोट होतो तेव्हा ती तिथे नसते. इतिहासही मग स्फोटाची नोंद करून पुढे जातो, आणि मेलेल्यांचा हिशेब कोणाच्याच खाती लागत नाही.

पाणसुरुंगांचं महत्त्व जगाच्या आरमारांना खऱ्या अर्थाने कळलं ते १९०४ च्या रशिया-जपान युद्धात. एप्रिलमध्ये पोर्ट आर्थर बंदराबाहेर जपान्यांनी पेरलेल्या सुरुंगावर ‘पेट्रोपावलोव्स्क’ ही रशियन युद्धनौका आदळली आणि अ‍ॅडमिरल माकारोव्ह तिच्याबरोबर तळाशी गेले. त्याच बोटीवर वेरेश्चागिन हा चित्रकार होता. हिंदुस्थानात फिरून त्याने ताजमहालाचं चित्र काढलं होतं, आणि तोफेच्या तोंडी दिलेल्या आपल्या शिपायांचंही. तोही गेला. महिन्याभरात रशियाने उसनं फेडलं. ‘आमुर’ या सुरुंगपेरणी जहाजाने जपानी ताफ्याची रोजची वाट हेरून तिथे पन्नास सुरुंग टाकले, आणि दुसऱ्याच दिवशी ‘हात्सुसे’ व ‘याशिमा’ या दोन मोठ्या युद्धनौका बुडाल्या. सगळ्या जपानकडे अशा युद्धनौका होत्या सहा. त्यातल्या दोन एका दिवसात गेल्या, आणि आमुरवरून एक तोफही उडाली नव्हती.

पुढच्या युद्धाची सुरुवातही याच शस्त्राने झाली. ५ ऑगस्ट १९१४ ला, म्हणजे ब्रिटन युद्धात उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ‘क्योनिगिन लुइझं’ ही जर्मन बोट इंग्लंडच्या किनाऱ्याबाहेर सुरुंग पेरताना ब्रिटिशांनी गाठून बुडवली. ती मुळात सहलीला जाणाऱ्या उतारूंची बोट. तिच्यावरच्या काही माणसांना ‘अँफियन’ या ब्रिटिश क्रूझरने पाण्यातून वर काढलं. दुसऱ्या दिवशी अँफियन त्याच बोटीने पेरलेल्या सुरुंगावर गेली, आणि वाचवलेले काही जर्मन आपल्याच सुरुंगाने मेले. मला या सगळ्या इतिहासात याहून बोलकी घटना माहीत नाही. मार्च १९१५ मध्ये दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीत ‘नुसरेत’ या चिमुकल्या तुर्की बोटीने २६ सुरुंगांची एक ओळ टाकली. दहा दिवसांनी त्या पट्ट्यात तीन मोठ्या युद्धनौका बुडाल्या आणि समुद्रमार्गे इस्तंबूल गाठायचा दोस्तांचा बेत तिथेच आटोपला.

पण ही सगळी उदाहरणं घराजवळची. सुरुंग पेरायचे ते आपल्या किंवा शेजारच्या समुद्रात, रातोरात जाऊन परत यायचं. अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून शत्रूच्या वसाहतींच्या बंदरांपुढे सुरुंग टाकायचे, वाटेत कोणत्याही बंदरात पाऊल ठेवायचं नाही, कोळसा आणि अन्न पकडलेल्या बोटींवरून काढून घ्यायचं, हा बेत वोल्फचा.

वोल्फ मूळची ‘वाख्टफेल्स’. हान्सा कंपनीची १९१३ साली बांधलेली साधी मालवाहू बोट, वेग जेमतेम ताशी दहा-अकरा सागरी मैल. तिचा पाठलाग करू शकणाऱ्या ब्रिटिश क्रूझर तिच्या दुप्पट वेगाने धावत. म्हणून पळून जाण्यावर भिस्त ठेवून चालणार नव्हतं. ओळखू न येणं हाच तिचा बचाव. तिच्या कठड्यांचे पत्रे बिजागरीवर खाली पडायचे आणि मागे लपवलेल्या तोफा उघड्या व्हायच्या. धुराडं उंच-बुटकं करता यायचं, डोलकाठ्यांची उंची बदलता यायची, रंग तर हवा तेव्हा. पोटात साडेचारशेहून अधिक सुरुंग, हजारो टन कोळसा, चार पाणतीर-नळ्या, आणि ‘व्योल्फशन’ म्हणजे ‘छोटा लांडगा’ नावाचं समुद्रावर उतरणारं एक विमान. सुमारे साडेतीनशे माणसं. कप्तान कार्ल आउगुस्ट नेर्गर. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र होतं, पण त्याचा उपयोग मुख्यतः ऐकण्यासाठी. दुसऱ्यांचे संदेश टिपायचे आणि आपण तोंड उघडायचं नाही. ३० नोव्हेंबर १९१६ ला ती कीलहून निघाली ती आइसलंडच्या वरून अटलांटिकमध्ये उतरली आणि तिथून थेट दक्षिणेकडे.

सुरुंग कसा काम करतो हे समजून घेतल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. त्या काळचा जर्मन सुरुंग म्हणजे पोकळ लोखंडी गोळा, आत शंभर-दीडशे किलो स्फोटक, आणि वरच्या अंगाला मऊ शिशाची चार-पाच शिंगं. प्रत्येक शिंगात काचेची एक कुपी, कुपीत रासायनिक द्रव. बोटीचा तळ शिंगाला लागला की शिसं वाकतं, आतली काच फुटते, द्रव खाली उतरून जस्त आणि कार्बनच्या पट्ट्यांना भिडतो. त्या क्षणी तिथे एक लहानशी बॅटरी तयार होते आणि तिच्या विजेने स्फोट होतो. फुटेपर्यंत आत वीज नसते. त्यामुळे हा सुरुंग महिनोन्महिने पाण्यात राहिला तरी त्याची बॅटरी उतरत नाही.

गोळ्याखाली जड लोखंडी बैठक असते, तीच नांगर आणि तीच चाकांची गाडी. दोन्ही मिळून पाण्यात टाकतात, दोन्ही तळाला जातात. मग पाण्यात विरघळणारी एक गुडी हळूहळू झिजते, कुलूप सुटतं, आणि गोळा बैठकीला बांधलेली तार उलगडत वर येऊ लागतो. ठरावीक खोलीवर आला की पाण्याच्या दाबावर चालणारी कळ तार अडकवते. आता तो पृष्ठभागाखाली काही हातांवर तरंगत उभा. वरून मचवा गेला, होडी गेली, तर त्याला काही वाटत नाही. खोल बुडालेला तळ असलेली आगबोट आली की मात्र गाठ पडते. गुडी विरघळायला वेळ लागतो तो मुद्दाम ठेवलेला. तेवढ्यात पेरणारी बोट सुखरूप दूर निघून गेलेली असते.

जानेवारी १९१७ मध्ये वोल्फने केप टाउनजवळच्या डासेन बेटाबाहेर आणि केप अगुल्हासपाशी पहिले सुरुंग टाकले. २६ जानेवारीला डासेन बेटाजवळ पहिला बळी गेला. त्या बोटीचं नाव होतं ‘माथेरान’. लिव्हरपूलच्या ब्रॉकलबँक कंपनीचा कलकत्त्याकडचा व्यापार जुना, आणि तिच्या बोटींना हिंदुस्थानी नावं देण्याची रीत. तेव्हा आपल्या डोंगरावरच्या थंड हवेच्या गावाचं नाव घेऊन हिंडणारी एक बोट दक्षिण अटलांटिकच्या तळाशी गेली. फेब्रुवारीत अगुल्हासबाहेर ‘टिंडॅरियस’ सुरुंगावर आदळली. तिच्यावर मिडलसेक्स रेजिमेंटची एक पलटण होती. बोट तरली, सैनिक सुखरूप उतरले. ‘सिउदाद दे एइसागिर्रे’ या स्पॅनिश टपालबोटीच्या नशिबी तेवढंही नव्हतं. स्पेन या युद्धात नव्हता. बोट चालली होती मनिलाला. मे महिन्यात केपजवळच्या सुरुंगाने ती बुडाली आणि शंभराहून अधिक माणसं गेली. कोणाच्या वैरात मेलो हे सांगायलाही त्यांना वेळ मिळाला नसेल.

केपहून वोल्फ हिंदी महासागर ओलांडून लंकेला आली. फेब्रुवारीच्या मध्याला कोलंबोबाहेर, मग कन्याकुमारीच्या बाजूला, आणि तिथून पश्चिम किनाऱ्याने वर मुंबईकडे. तोवर कोलंबोच्या सुरुंगांनी काम सुरूही केलं होतं. १७ फेब्रुवारीला ‘वुस्टरशर’ आणि २१ ला ‘पर्सियस’ अशा दोन बोटी त्या बंदराच्या तोंडाशी बुडाल्या.

मुंबईच का, हा प्रश्न त्या काळच्या माणसाला पडला नसता. मेसोपोटेमियाच्या मोहिमेचा सगळा पसारा मुंबईतून चालत होता. नव्याने बांधलेल्या अलेक्झांड्रा गोदीतून पलटणी, खेचरं, दारूगोळा, दाणा-वैरण बसऱ्याकडे जात होती, आणि जखमी परत येत होते. मराठा पलटणी त्याच वाटेने गेल्या. कुतच्या वेढ्यात उपासमारीने जर्जर झाल्या आणि १९१६ च्या एप्रिलमध्ये शरण गेलेल्या सैन्याबरोबर कैदेत पडल्या. वोल्फ मुंबईपुढे आली तेव्हा टायग्रिसवर नवी चढाई चालू होती. ११ मार्चला बगदाद पडलं. या साऱ्या हालचालीची नस मुंबईच्या तोंडाशी होती आणि नेर्गरला ती ठाऊक होती.

इथे नशिबाने एक वेगळी चाल खेळली. मुंबई सोडल्यावर आठवड्याभरात वोल्फने अरबी समुद्रात ‘तुरितेला’ ही बोट पकडली. ही मूळची हान्सा कंपनीचीच, वाख्टफेल्सची बहीण म्हणावी अशी. युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिशांनी ती जप्त करून आपल्या कामाला लावली होती. नेर्गरने तिला पंचवीस सुरुंग दिले, ब्रांडेस नावाचा अधिकारी दिला, ‘इल्टिस’ असं नवं नाव दिलं आणि एडनकडे पाठवलं. ५ मार्चला ‘ओडिन’ या ब्रिटिश युद्धनौकेने तिला हटकलं तेव्हा जर्मनांनी स्वतःच्या हाताने तिला बुडवलं. पण तिच्यावर जुने चिनी खलाशी होते. त्यांना पाण्यातून काढल्यावर त्यांनी सगळं सांगितलं: या समुद्रात एक मोठी जर्मन बोट आहे आणि तिच्या पोटात शेकडो सुरुंग आहेत.

म्हणजे मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून ब्रिटिश आरमाराला वोल्फची खबर होती. त्यांनी ती गुपित ठेवली. युद्धात गुपितं ठेवावी लागतात हे मला मान्य आहे. पण ज्यांच्या बोटी त्या पाण्यातून जाणार होत्या त्यांच्यापासून ती ठेवायची, आणि उतारूंना तिकीट विकायचं, याला मी डावपेच म्हणणार नाही. ऑस्ट्रेलियात तर पुढे याहून वाईट घडलं. जुलै १९१७ मध्ये गॅबो बेटाजवळ ‘कंबरलँड’ वोल्फच्याच सुरुंगाने निकामी झाली, तेव्हा तिथल्या सरकारी माणसांनी संशय घेतला तो आपल्याच देशातल्या युद्धविरोधी कामगारांवर. त्यांनीच म्हणे मालात बॉम्ब लपवला. त्या पाण्यात सुरुंग सापडले ते नंतर.

मुंबईबाहेर मार्च, एप्रिल, मे असे गेले. सुरुंग काढायची तेव्हाची रीत अशी: दोन लहान बोटी समांतर चालायच्या, मधे जाड तार ओढत. तार सुरुंगाच्या दोराला लागली की दोर घासून तुटायचा, गोळा भुस्सकन वर यायचा, आणि मग लांबून बंदुकीच्या गोळ्या घालून तो फोडायचा किंवा बुडवायचा. अशा कामाला सपाट समुद्र लागतो आणि अंतर लागतं मोजून ठेवलेलं. पेरणाऱ्याने एका रात्रीत केलेलं काम काढणाऱ्याला महिने पुरत नाहीत. शिवाय किती होते, त्यातले किती निघाले, याचा आकडा काढणाऱ्यापाशी कधीच नसतो. शेवटचा सुरुंग कोणता हे फक्त पेरणाऱ्याच्या वहीत लिहिलेलं असतं, आणि ती वही तेव्हा प्रशांत महासागरात कुठेतरी होती.

मग जून आला आणि पावसाळा लागला. कोकणात कोणालाही विचारा, जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर दर्यात कोणी जात नाही. होड्या वर ओढलेल्या, झापांनी शाकारलेल्या. किनाऱ्याच्या उतारू बोटीही बंद. थेट नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र आगबोटींचा आणि उधाणाचा. माझा तर्क असा की सुरुंगांना जोर चढला तो याच कारणाने. पावसाळी लाटांत बोट एका जागी समपातळीत राहत नाही. लाटेच्या पोटात उतरते तेव्हा तिचा तळ शांत समुद्रातल्यापेक्षा कितीतरी खाली जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्या गोळ्यावरून ती सहज निघून गेली असती, तोच जूनमध्ये तिला लागतो. आणि त्या समुद्रात तार ओढत सफाई करणंही अवघड.

११ जूनला ‘सिटी ऑफ एक्झेटर’ ही उतारू बोट सुरुंगावर आदळली. भगदाड पडूनही ती बुडाली नाही, बंदराला लागली. सहा दिवसांनी, १७ जूनला ‘क्रॉक्स्टेथ हॉल’ ही मालबोट बुडाली. त्याच सुमाराला ‘उनकाई मारू’ ही जपानी बोट गेली. आठवड्याभरात तीन. आणि २३ जूनला ‘मोंगोलिया’.

मोंगोलिया पी. अँड ओ. कंपनीची, १९०३ साली ग्रीनॉकला बांधलेली, साडेनऊ हजार टनांची टपाल आणि उतारूंची बोट. ज्यूल व्हर्नच्या ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणे’चा नायक ज्या बोटीने मुंबईत उतरतो तिचंही नाव मोंगोलिया, पण ती याच कंपनीची आधीची बोट. ही दुसरी. लंडनहून टपाल आणि उतारू घेऊन ती मुंबईकडे येत होती. सेन्सॉरमधून सुटलेली शिपायांची पत्रं, आयांनी मुलांना लिहिलेली पत्रं, ऑस्ट्रेलियाला जायच्या पिशव्या. लंडन सोडल्यापासून भूमध्य समुद्रातल्या जर्मन पाणबुड्यांचं भय डोक्यावर होतं. सुएझ ओलांडलं, एडन ओलांडलं, आणि आता धोका मागे पडला असंच बोटीवर सगळ्यांना वाटलं असणार. मुंबई पन्नासएक मैलांवर राहिली. म्हणजे तुमच्या-माझ्या भूगोलात श्रीवर्धन-मुरुडच्या बाहेरचा समुद्र.

आषाढ लागून चार दिवस झाले होते. पालख्या पंढरीच्या वाटेला होत्या. पावसाळी समुद्रात मोंगोलिया वोल्फच्या सुरुंगावर गेली आणि तेरा मिनिटांत बुडाली.

तेरा मिनिटं म्हणजे काय ते नीट डोळ्यांपुढे आणावं. बोट एका अंगाला कलते, त्यामुळे एका बाजूच्या होड्या बोटीच्या अंगावरच घासत राहतात आणि दुसऱ्या बाजूच्या लांब हवेत लटकतात. पावसाळी लाटेत होडी खाली सोडायची म्हणजे दोन्ही टोकांचे दोर एकाच वेळी मोकळे व्हावे लागतात. एक टोक आधी सुटलं तर माणसं समुद्रात सांडतात. इतक्या कमी वेळात, अशा समुद्रात, बहुतेक सगळे उतारू आणि खलाशी होड्यांत उतरून वाचले, ही त्या बोटीवरच्या माणसांच्या शिस्तीची कमाल आहे. होड्या वल्हवत, वाऱ्याबरोबर ढकलल्या जात कोकणच्या किनाऱ्याकडे निघाल्या.

वीसहून अधिक माणसं गेली. त्यांत मूठभर उतारू. बाकीचे बोटीवर काम करणारे. हे काम करणारे कोण? पी. अँड ओ.च्या बोटींवरची भरती ठरलेली असे. डेकवर सारंग, टंडेल, सुकाणी आणि त्यांच्या हाताखालचे खलाशी, हे कोकणातले आणि गुजरातेतले. रत्नागिरी जिल्ह्याच्या खाड्यांवरच्या कोकणी मुसलमानांच्या कितीतरी घरांत ‘बोटीवर जाणं’ हा पिढीजात धंदा. जेवणघरात, सलूनमध्ये, पँट्रीत गोव्याचे. सासष्टी-बारदेसचे हे लोक मुंबईत धोबीतलाव-माझगावच्या आपापल्या गावच्या कुडांमध्ये पथारी टाकून बोट मिळायची वाट बघत. आणि खाली, पाण्याच्या रेषेखाली, भट्टीपुढे उभे राहणारे आगवाले आणि कोयलावाले. ते बहुधा पंजाबी आणि पठाण.

आगवाल्याची जागा म्हणजे बोटीच्या पोटातली सर्वांत खालची. वर यायला एकामागून एक लोखंडी शिड्या. सुरुंग फुटतो तो तळाशी, म्हणजे त्याच्या शेजारी. वरच्या डेकवरच्या साहेबाला तेरा मिनिटं मिळतात. आगवाल्याला किती मिळाली असतील हे ज्याने ती शिडी पाहिली आहे त्याने अदमास करावा. या माणसांचा पगार त्याच बोटीवरच्या गोऱ्या कामगारांच्या तुलनेत फारच कमी, झोपायची जागा अपुरी, आणि बातमीत त्यांचा उल्लेख ‘नेटिव्ह क्रू’ एवढाच. मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचं स्मारक आहे. गेटवेला रोज हजारो लोक जातात. या स्मारकापासून आपल्या शहराचं अंतर मैलांत थोडंच आहे, पण तिकडे वाट वाकडी करणारा विरळा. शाळांच्या सहली तिथे गेल्या पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

मोंगोलियानंतरही संपलं नाही. २९ जुलैला ‘ओखला’ ही मालबोट मुंबईबाहेरच गेली. तिकडे केपजवळ ऑगस्टमध्ये ‘सिटी ऑफ अथेन्स’ बुडाली. वोल्फ तेव्हा यातल्या कुठल्याच ठिकाणी नव्हती. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवर उरलेले सुरुंग टाकून ती बोटी पकडत परतीच्या वाटेला लागली होती. सप्टेंबरअखेर मालदीवजवळ तिने ‘हिताची मारू’ ही जपानी बोट पकडली. पकडलेल्या बोटींवरचे कैदी सुरुंगांच्या रिकाम्या झालेल्या कोठारात भरले जात. शेवटी शेवटी साडेचारशेहून अधिक कैदी झाले. त्यांत बायका होत्या, एक लहान मुलगी होती. ताजं अन्न नाही, भाजी नाही. स्कर्व्ही आणि बेरीबेरी सुरू झाली. सुरुंगांनी माणसं न बघता मारणारी ही बोट कैद्यांना मात्र जगवून घरी घेऊन आली, हेही तिच्या इतिहासात लिहिलंच पाहिजे. नेर्गर निर्दय माणूस नव्हता. म्हणूनच त्याच्या शस्त्राचा विचार अधिक गंभीरपणे करावासा वाटतो.

कारण या शस्त्राबद्दल जगाला आधीच शंका आली होती. पोर्ट आर्थरचे सुटलेले सुरुंग युद्धानंतरही चिनी समुद्रात भटकत राहिले, आणि मच्छीमार व किनाऱ्यावरच्या बोटी त्यांनी मारल्या. चीनच्या तक्रारीनंतर १९०७ मध्ये हेगला राष्ट्रांनी करार केला. दोर तुटला की सुरुंग आपोआप निकामी झाला पाहिजे. निव्वळ व्यापारी वाहतूक अडवण्यासाठी शत्रूच्या बंदरांपुढे सुरुंग पेरता कामा नयेत. यातलं दुसरं कलम जर्मनीने मान्य केलं नाही, फ्रान्सनेही नाही. आणि ज्यांनी सही केली त्यांनी तरी काय केलं? १९१८ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने मिळून स्कॉटलंडपासून नॉर्वेपर्यंत सत्तर हजारांच्या आसपास सुरुंगांची भिंत उभी केली. ‘निव्वळ’ या एका शब्दामुळे त्या करारातून कोणालाही बाहेर पडता येत होतं. मुंबईपुढे लष्करी बोटी जात होत्या, तेव्हा वोल्फचा हेतू निव्वळ व्यापार अडवण्याचा नव्हता, असं जर्मन वकिलाने सांगितलं असतं, आणि ते खोडून काढणं कठीण गेलं असतं. श्रीवर्धनच्या बाहेर बुडालेल्या आगवाल्याला त्या युक्तिवादाचा काय उपयोग?

२४ फेब्रुवारी १९१८ ला वोल्फ कीलला परतली. ४५१ दिवस, सुमारे चौसष्ट हजार सागरी मैल, आणि मधे एकही बंदर नाही. आरमारी इतिहासात या सफरीला तोड सापडणं कठीण, हे तिच्या शत्रूंनीही मानलं. स्वतः तिने चौदा बोटी पकडल्या किंवा बुडवल्या, आणि तिच्या सुरुंगांनी आणखी डझनभर घालवल्या. नेर्गरला ‘पूर ल मेरीत’ हा सर्वोच्च मान मिळाला. पुढे बोट युद्धभरपाईत फ्रान्सकडे गेली, ‘आंतिनूस’ नावाने माल वाहू लागली आणि १९३१ मध्ये भंगारात निघाली. नेर्गरचा शेवट दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, जाक्सेनहाउझेनच्या सोव्हिएत कैदी छावणीत झाला.

मागे राहिलेल्या सुरुंगांवर या कशाचाच परिणाम झाला नाही. न्यूझीलंडच्या उत्तर टोकापाशी वोल्फने १९१७ च्या जूनमध्ये काही सुरुंग टाकले होते. २६ जून १९१८ रोजी ‘विमेरा’ ही उतारू बोट ऑकलंडहून सिडनीला निघालेली असताना त्यातल्या एकावर गेली. २६ माणसं मेली. कीलच्या धक्क्यावर वोल्फचं स्वागत होऊन तेव्हा चार महिने झाले होते.